काच काळी झाली की

“नवी तार बोलायला लागल्याशिवाय जुनीला निरोप द्यायचा नाही,” मावशी एकदा म्हणाल्या होत्या, तोंडात टाचण्या धरून. टाचण्या धरल्या की त्यांचे शब्द ओठांच्या एकाच कोपऱ्यातून बाहेर येत, आणि साधं बोलणंही हुकूम सोडल्यासारखं वाटे. हे वाक्य त्यांनी मुलाला ऐकवलं होतं, नव्या कंपनीच्या फोनवरच्या मुलीला ऐकवलं होतं, आणि पँट अल्टर करायला आलेल्या, इंटरनेटशी काही देणंघेणं नसलेल्या एका गृहस्थालाही ऐकवलं होतं. तो बिचारा “हो हो” म्हणून कंबर मोजून घेऊन गेला.

मावशी कपडे दुरुस्त करतात. नवं काही शिवत नाहीत. चेन बदलायची, पँट आखूड करायची, बाळंतपणानंतर घट्ट झालेला ड्रेस सैल करायचा, मेलेल्या नवऱ्याचा कोट मुलाच्या मापाचा करायचा. इमारतीच्या तळमजल्यावर मागच्या अंगाला त्यांची खोली आहे. भिंती जुन्या, हातभर जाड. आत मोबाइलला रेंज नाही. खिडकीशी मशीन, मशीनशेजारी बटणांचा पत्र्याचा डबा, आणि डब्याला टेकवलेला टॅब. भिंतीवरच्या खिळ्याला लाल चिंधी बांधलेली एक किल्ली.

त्या टॅबमध्ये सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत दुसऱ्या गावातलं एक स्वयंपाकघर उघडं असतं. तिथे मावशींची मोठी बहीण एकटी राहते. सगळे तिला ताई म्हणतात. तिकडच्या टॅबवर मावशींचं मशीन दिसतं. दोघी फारशा बोलत नाहीत. इकडचा मशीनचा खडखडाट तिकडे जातो, तिकडची भांड्यांची आदळआपट इकडे येते, आणि दिवस जातो. नवीन गिऱ्हाईक दचकतं.

“मावशी, तुमच्या टीव्हीवर ही कोण बाई बटाटे सोलतेय?”

“बहीण आहे माझी. मालिका फार संथ आहे, पण एक भाग चुकवलेला नाही मी.”

ताईंना फिट येतात. लहानपणापासून. घाई झाली, दचकल्या, झोप मोडली की येतात. तरीही जन्मभर त्यांनी शाळेत कवायत शिकवली आणि मैदानावर कधी पडल्या नाहीत. पडणं त्यांनी घरासाठी राखून ठेवलं होतं. माझ्याकडे ये, असं मावशींनी किती वेळा सांगितलं. ताईंचं उत्तर ठरलेलं: “तुझ्या खोलीत मी आणि मशीन दोघं मावणार नाही. मशीन निदान कामाचं तरी आहे.” म्हणून ती खिडकी. काचेच्या पलीकडे ताई पडल्या तर अलीकडे मावशींना दिसणार. मावशी धावत जिन्याच्या तोंडाशी जाणार, तिथे रेंज येते, आणि ताईंच्या शेजारणीला फोन करणार. शेजारणीकडे ताईंच्या घराची दुसरी किल्ली आहे; पहिली मावशींच्या खिळ्यावर.

आणखी एक कायदा होता, तो मावशींनीच केलेला. पूर्वी एकदा तिकडे वीज गेली आणि काच काळी झाली. मावशींनी घाबरून फोन लावला. ताईंचा फोन आतल्या खोलीत. तो वाजला म्हणून त्या धावल्या आणि उंबऱ्यात फिट येऊन कपाळ फोडून घेतलं. टाके पडले. ते टाके मावशींनी काचेतून पाहिले, आणि कुणीतरी अनोळखी माणसाने आपल्या कपड्यावर वाईट शिवण घातल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, “आजपासून काच काळी झाली की असशील तिथे जमिनीवर बसायचं. फोन वाजू दे, दार वाजू दे, उठायचं नाही. मी काचेत दिसले की मग उठ.”

“हुकूम पाळला जाईल, मॅडम,” ताई म्हणाल्या आणि सलाम ठोकला. चेष्टा होती. पण पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा त्या खरोखर बसल्या. वीज आली, काच उजळली, तेव्हा कपाटाला पाठ टेकून, मांडी घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेल्या दिसल्या. ज्या बाईने पोरांना जन्मभर ‘सावधान’ म्हटलं तिला स्वतःला कुणीतरी ‘सावधान’ म्हणावं अशी आत कुठेतरी भूक असावी.

इंटरनेटची तार बदलायचं कारण मात्र वेगळं होतं. जुनं कनेक्शन अलीकडे गोठायला लागलं होतं. चित्र थांबायचं, फिरतं चक्र यायचं, पुन्हा चालू. एकदा चक्रही आलं नाही. ताई कपातून चहा पिताना दिसत होत्या. मावशी चेन उसवत होत्या. मधून नजर टाकली, ताई कप ओठाला लावून. पुन्हा टाकली, कप ओठालाच. “किती वेळ पितेस गं?” म्हणून त्यांनी नीट पाहिलं, तर कपातून निघालेली वाफही जागच्या जागी थांबलेली. चित्र सुटलं तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि ताई टेबलाखाली होत्या. काळी काच निदान खरं बोलते, मावशी नंतर म्हणाल्या. ही गोठलेली खोटं बोलते.

मग चौकशा सुरू झाल्या. नवी कंपनी ठरली. मावशींनी आपला नियम लावला: आधी नवी जोडायची, ती नीट चालू दे, मग जुनी बंद. दोन्ही काही दिवस एकत्र. ताईंना यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ‘उद्या तार बदलणार’ म्हणून त्या रात्रभर जाग्या राहिल्या असत्या, आणि जागरण म्हणजे फिट. शिवाय सांगायचं कारणच काय? तिकडे कळणारही नव्हतं. शिवण आतून बदलायची, बाहेरून कापड तसंच.

तारवाला आला तो सकाळी, गळ्यात तारेचं वेटोळं घालून. मिशीवाला, बोलका माणूस. आल्या आल्या त्याने मशीनवर थाप मारली. “आमच्या आईचं असंच होतं. तिच्याकडून मी टाके घालायला शिकलो, पण बायकोला सांगत नाही.” मावशींना तो आवडला. मुलगा घरीच थांबला होता. त्याला सगळे छोटू म्हणतात. दाराच्या चौकटीला डोकं आपटतं, तरी छोटूच.

तारवाल्याने भिंत ठोकून पाहिली, मान हलवली. “इथे भोक पडणार नाही, मावशी. पडलं तर इमारतीची मंडळी मला त्याच भोकात घालतील.” तार आत यायला एकच वाट होती, जिन्याखालून येणारी जुनी नळी. ती जुन्या तारांनी बुजलेली. त्याने नवी तार घुसवून पाहिली. हातभर गेली आणि अडली. पुन्हा घुसवली, पुन्हा अडली.

“एक उपाय आहे,” तो म्हणाला. “जुन्या तारेला नवी बांधायची आणि जुनी बाहेरून ओढायची. ती जाताना हिला नळीतून बरोबर घेऊन जाते.”

“म्हणजे जुनी बंद?” छोटू म्हणाला. “आई, तू तर…”

पण मावशींचा चेहरा उजळला होता. ही युक्ती त्यांचीच होती. स्कर्टच्या कमरेतलं सैल पडलेलं इलॅस्टिक बदलताना त्या कधी कमर उसवत बसल्या नाहीत. जुन्या इलॅस्टिकच्या टोकाला नवं शिवायचं आणि जुनं ओढायचं. जुनं बाहेर पडतं तेव्हा नवं आत जाऊन बसलेलं असतं. हजारो कमरांत त्यांनी ते असं घातलं होतं आणि एकदाही फसलं नव्हतं. तारवाल्याच्या तोंडून आपली युक्ती ऐकताना त्यांना आपलंच माणूस भेटल्यासारखं झालं. त्या नादात त्यांचा नियम हातातून कधी निसटला हे त्यांनाही कळलं नाही.

“किती वेळ बंद राहील?”

“वीज जाऊन येते ना, तेवढंच.”

“मग हरकत नाही. पण सांधा मी बांधणार.”

“बांधा की. तुमचा हात, आमचं नशीब.”

मावशींनी मेणाचा दोरा काढला. नवीचं टोक जुनीच्या टोकाशेजारी धरून आवळून वेटोळे घातले, त्यावर चिंधी, चिंधीवरून टाके. “माझे टाके सुटत नाहीत,” त्या म्हणाल्या. तारवाल्याने बोटाने सांधा दाबून पाहिला. “जरा जाड झालाय.” “टिकायला नको?” त्यावर तो नुसता हसला. ते हसणं मावशींना पुढे बराच काळ आठवत राहणार होतं.

जुनीची दोन्ही टोकं अजून आपापल्या डबीत होती, आतलं खोलीतल्या आणि बाहेरचं जिन्याखालच्या; ती काढली की काच काळी. तारवाला जिन्याखाली जाऊन उभा राहिला, छोटू आत तार सरकवायला बसला. मावशी टॅबसमोर. ताई खुर्चीवर बसून डाळ निवडत होत्या. बसलेल्या होत्या, म्हणजे उत्तम. क्षणभर काच जाईल, त्या खुर्चीवरून जमिनीवर येतील, काच येईल, उठतील.

“हं,” मावशी म्हणाल्या. “आत्ता. बसलीय.”

छोटूने बाहेर हाक दिली, “काढा!”

आणि त्याच वेळी ताई उठल्या. ताट बाजूला ठेवलं, शेगडीकडे वळल्या. शेगडीवर बटाट्यांचं पातेलं होतं. त्यांनी गॅसच्या खुंटीवर हात ठेवला. तेवढ्यात चित्र गोठलं, मग काच काळी झाली. काळ्या काचेत मावशींना स्वतःचा चेहरा दिसला, ओठांत टाचण्या.

“थांबा,” त्या म्हणाल्या. पण छोटूने आतलं टोकही सोडवलं होतं आणि बाहेर तार ओढली गेली होती.

सुरुवातीला सांधा छान सरकला. नळीतून खसखस आवाज येत होता. मग आवाज थांबला. तारवाल्याने जोर लावला. छोटूने आतून ढकललं. नळीला मध्ये कुठेतरी वळण होतं, तिथे सांधा बुचासारखा बसला. तारवाल्याने आणखी एक हिसका दिला, आणि बाहेर काहीतरी कट्कन तुटलं. तो आत आला तेव्हा त्याच्या हातात जुन्या तारेचा तुकडा होता आणि बोलका चेहरा कोरा होता.

“बाहेरून तुटली. सांधा आत अडकलाय.”

“मग नवी आतून परत ओढा.”

“ओढतोय. येत नाहीये. तुमचे टाके सुटत नाहीत, मावशी.”

तो टोमणा नव्हता, पण लागला. आयुष्यात पहिल्यांदा मावशींना वाटलं की आपला टाका सुटावा.

त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या. ताईंना फोन लावला. वाजला. वाजत राहिला. ताई उचलणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. ते ठाऊक असूनही त्या लावत राहिल्या. मग शेजारणीला लावला. ती दातांच्या दवाखान्यात कामाला. मागे यंत्राची घरघर.

“अगं बाई, मी इथे पेशंटच्या तोंडात हात घालून उभी आहे. निघते, पण बस मिळायला हवी. काय झालं? पडल्या?”

“माहीत नाही.”

“मग?”

“गॅस चालू आहे की बंद, तेही माहीत नाही.”

त्या परत आल्या तेव्हा छोटू शिडीवर चढून नळीत चिमटा घालत होता. “आई, एवढं काय? गॅस चालू असेल तर ताईमावशी उठून बंद करतील. त्या काय वेड्या आहेत?”

“तू तिला ओळखत नाहीस.”

“अगं पण जळायला लागल्यावर कुणीही…”

“कुणीही उठेल. ती नाही उठणार.” मावशी हे कुणाशीच बोलत नव्हत्या. “मीच सांगितलंय ना तिला.”

ते पातेलं त्यांच्या ओळखीचं होतं. पातळ बुडाचं, ताईंना किती वेळा सांगितलं होतं, टाकून दे. खुंटीवरचा तो हात त्या डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा आणत होत्या. मनगट उजवीकडे वळलेलं होतं का डावीकडे? लावत होती का बंद करत होती? कपड्याच्या एका धाग्यावरून तो कुठे उसवणार हे सांगणाऱ्या त्या डोळ्यांना एक मनगट वाचता येत नव्हतं. खोलीत काहीच जळत नव्हतं, पण त्यांना वास येऊ लागला. पाणी आटल्यावर बटाट्याच्या सालीचा येतो तो, आधी गोडसर, मग कडू.

तारवाला घामाघूम झाला होता. छोटू पुटपुटत होता. मग तारवाल्यानेच हातातला चिमटा टाकला. “अहो, मोबाइलवरून द्या ना त्या टॅबला नेट!”

“इथे रेंज कुठे आहे?” छोटू म्हणाला.

“मग टॅब बाहेर न्या! तो काय भिंतीत चिणलाय?”

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. ही गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. तो टॅब बटणांच्या डब्यापासून कधी हललाच नव्हता. घरात सगळे त्याला काच म्हणत, खिडकी म्हणत. खिडकी कुणी काखेत मारून रस्त्यावर नेत नाही.

छोटूने टॅब उचलला. मावशी मागे, पायात काही नाही. जिन्याच्या तोंडाशी रेंजची एकच काडी दिसत होती. रस्ता ओलांडून ते केस कापणाऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. छोटूचा पासवर्ड दोनदा चुकला. खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाचं तोंड वळवून बघत होतं.

काच उजळली.

आधी वाटलं चित्रच खराब आहे, सगळं करडं. मग ते करडं हललं. धूर होता. धुराच्या खाली, कपाटाला पाठ टेकून, मांडी घालून, गुडघ्यांवर हात ठेवून ताई बसल्या होत्या. डोळे लाल, नजर सरळ काचेवर.

“आलीस?” ताई खोकल्या. “उठू का?”

मावशींच्या तोंडून ‘धाव’ निघणार होतं. त्यांनी ते गिळलं. घाई म्हणजे फिट, आणि फिट म्हणजे ताई थेट शेगडीवर.

“सावकाश,” त्या म्हणाल्या. आवाज इतका सपाट की केस कापणाऱ्याचा वस्तराही थांबला. “डावा हात ओट्यावर. हं. आता उठ. घाई नाही. आता गॅस.”

ताईंचा हात धुरात शिरला. आणि चित्र गोठलं.

हात धुरात, ताई अर्ध्या वाकलेल्या, वस्तुसंग्रहालयातल्या पुतळ्यासारख्या. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मावशी काचेला हात लावून उभ्या होत्या, जणू पलीकडून ढकललं तर चित्र हलेल. छोटू मोबाइल डोक्यावर धरून पायरीवर टाचा उंचावत होता, आणि एवढा उंच असूनही त्या क्षणी तो फार लहान दिसत होता.

चित्र सुटलं. पातेल्याखालची निळी रेघ गेली होती.

“आता खिडकी,” मावशी म्हणाल्या. “भिंतीला धरून.”

खिडकी उघडली. धूर वळून बाहेर जाऊ लागला. ताई खुर्चीवर बसल्या, तोंड पुसलं, आणि त्यांच्या काजळलेल्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. पहिल्या नंबराने आलेल्या पोरीचा.

“मी हलले नाही हं. फोन सारखा वाजत होता. तूच असणार हे कळत होतं. तरी नाही उठले.”

“गॅस दिसत नव्हता तुला?”

“दिसत होता की. बसून हात पोचेना.”

“अगं मग उठायचं!”

“काच काळी होती ना,” ताई म्हणाल्या.

तेवढ्यात तिकडचं दार उघडलं आणि शेजारीण धापा टाकत आत आली, अंगावर दवाखान्याचा डगला तसाच. “काय हो ताई, घर पेटवायला निघालात?” “बटाटे भाजायचे होते,” ताई म्हणाल्या. “जरा जास्त भाजले.” दोघी हसल्या. मावशी हसल्या नाहीत.

ते परत आले तेव्हा तारवाला दारातच उभा होता. त्याने नळीचं वळणच कापून काढलं होतं, इमारतीची मंडळी काय म्हणतील ते म्हणोत. सांधा त्याच्या तळहातावर होता, दोरा, चिंधी, टाके, एकही न सुटलेला. नव्या डबीवर हिरवा दिवा लागला होता.

“झालं, मावशी! बघा आता. गोठायचं नावच नाही.”

छोटूने टॅब बटणांच्या डब्याला टेकवला. चित्र आलं. इतकं स्वच्छ ते स्वयंपाकघर कधीच दिसलं नव्हतं. भिंतीवर वर गेलेला काळा ओघळ दिसत होता. पातेल्याचं निळं पडलेलं बूड दिसत होतं. ताईंच्या कपाळावरची जुनी शिवण दिसत होती, वाकडी, आणि गुडघ्यांवर दाबून धरल्याने तळहातांवर पडलेल्या लाल खुणाही.

“अय्या, किती लख्ख!” ताई काचेजवळ वाकल्या. “म्हातारी झालीस की गं तू. मला आजवर दिसलीच नाहीस. आणि आता काच काळी नाही ना होणार?”

“नाही होणार, आजी,” तारवाला मोठ्याने म्हणाला. “माझी गॅरंटी.”

“झाली तरी काळजी नाही. मला बसता येतं.”

मावशींनी मशीनकडे पाहिलं. सुईखाली कुणाची तरी पँट अर्धी शिवलेली होती. त्यांनी सुई वर घेतली, कापड सोडवलं, मशीनवर आवरण टाकलं. ओठांतल्या टाचण्या इतका वेळ तिथेच होत्या. त्या एकेक काढून त्यांनी टाचणीगादीत खोचल्या. चपला पायात सरकवल्या. पिशवी खांद्याला लावली.

“आई, कुठे निघालीस?” छोटू म्हणाला. “अगं, चाललंय ना आता सगळं. आई?”

काचेतून ताई विचारत होत्या, “काय शोधतेयस तिकडे? इकडे बघ ना.”

मावशींनी खिळ्यावरून ताईंच्या घराची लाल चिंधीची किल्ली काढली, मुठीत धरली, आणि बाहेर पडल्या.